पात्यावरचं पाणी

माझ्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिलमधल्या कापूस पिंजायच्या मशीननं नेलं. ते कसं गेलं हे मी शंभर वेळा सांगितलंय. लोकांना ते ऐकायला आवडतं, चहा पाजून ऐकतात. पण त्या उरलेल्या तीन बोटांना परत नोकरी कशी मिळाली, हे मी कुणाला खरं सांगितलं नाही. आज लिहून टाकतो. आता मला कुणी कामावरून काढू शकत नाही. बघा, लिहायला बसलो तरी पहिला विचार नोकरीचाच आला! हा माझा पिंडच आहे, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी सोलापूरच्या एका मिलमध्ये फिटर होतो. तेवीस-चोवीसचं वय, हातात कसब, आणि कसबाचा माज. कुंभारीच्या पलीकडं आमची मेंढरं होती, ती चुलता राखायचा. मेंढरामागचं ते आयुष्य मी लहानपणी पुरेपूर बघितलं होतं. उन्हात दिवसभर शेळ्या-मेंढ्यांच्या मागं हिंडायचं आणि कुणी विचारलं तर खाली मान घालून बोलायचं. मिलमध्ये आलो, पाना हातात धरला, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारली. त्या एका हाकेसाठी मी जीव टाकत होतो, खोटं कशाला बोलू?

आणि मग बोटं गेली.

दवाखान्यातून हात बांधून आलो तर हेड मिस्त्री गेटवरच भेटला. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला फटकळ. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “गड्या, आता तुज्यानं फिटरचं काम व्हायचं न्हाय. मेंढरं हायती की तुमची. जा गावाकडं, निवांत ऱ्हा.”

निवांत! मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. घरी आलो, भिंतीकडं तोंड करून पडलो. आठ दिवस पडून होतो. आई भाकरी पुढं ठेवायची, मी ताट ढकलायचो. एकदा ढकललं ते उलटलंच. तिनं भाकरी उचलली, झटकली, परत ताटात ठेवली. “खा,” म्हणाली. “बोटं गेली, पोट न्हाय गेलं.”

आमची आई म्हणजे काय होती ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिचं माहेर मैंदर्गीकडचं. घरात घोंगडी विणायचे. मोजायची वेळ आली की ती कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून तिनं हळदी-कुंकवाच्या ताटाला हात लावला नाही. त्या काळी विधवा बाईनं तसल्या ताटाजवळ जायचं नसे, आणि आई तो नेम असा पाळायची की शेजारीण कुंकवाचा करंडा उचलून दे म्हणाली तरी लांब सरकायची. पण चाळीत कुणाकडं बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला आईच लागायची. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या बायका ‘अम्मा, अम्मा’ करत दारात यायच्या. पायांवर बाळ घेऊन ती असं पाणी घालायची की रडणारं पोर गप्प व्हायचं. तेवढ्या एका कामात तिला मान होता. त्या घरातून परत यायची तेव्हा तिची चालच वेगळी असायची, हे मी पाहिलंय.

तर मी असा पडून असताना एका रविवारी सकाळी कंटाळून मिलच्या मागच्या मैदानावर गेलो. तिथं आमचा इंजिनिअर साहेब होता. मुंबईहून आलेला पारशी, वयानं पन्नाशीचा, बिनलग्नाचा, आणि एका गोष्टीचा वेडा. त्याला विमानं करायचा नाद होता. खरी नव्हेत, हातात धरण्याजोगी. रबराच्या पिळावर उडणारी दोन-तीन विमानं त्यानं केली होती, ती बरी उडायची. पण त्या दिवशी त्याच्याजवळ एक वेगळंच यंत्र होतं. पुढं पंखा, तो इंजिनावर फिरणारा. आणि डोक्यावर तीन लांब पाती, ती मोकळी, नुसत्या वाऱ्यावर गरगर फिरणारी. पंख जवळजवळ नाहीतच. विलायतेत असली खरी विमानं निघालीत आणि त्यांना ऑटोजायरो म्हणतात, हे मला मागाहून कळलं. साहेबानं इंजिनही विलायतेहूनच मागवलं होतं. मुठीत मावेल एवढं, पण खरंखुरं, पेट्रोलवर चालणारं. तसलं दुसरं सोलापुरात नव्हतं.

साहेबानं ते धावत नेऊन सोडलं. हातभर वर गेलं आणि डावीकडं कलंडून धाडकन पडलं. साहेब कपाळाला हात लावून मातीत बसला. मी पुढं होऊन तुकडे गोळा केले. इंजिनाला काही झालं नव्हतं. पण बाकीचं काम बघून मला राहवेना. सांधे बघवत नव्हते, पाती एका वजनाची नव्हती. मी म्हणालो, “साहेब, हे मी करून देतो.”

साहेबाचं मराठी त्याचं स्वतःचं होतं. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “तू बनवेल? ह्या हातानी?”

“याच हातानी.”

त्यानं माझ्या हातातलं मोडकं पातं घेऊन बघितलं. मग म्हणाला, “खंडेनवमीला मिल बंद. सगळा लोक मैदानात येते. त्या दिवशी उडवून दाखव. उडला तर तू माझ्या वर्कशॉपमध्ये. नाय उडला तर हात खराब, मी काय करू?”

खंडेनवमीला अडीच महिने होते.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “सायेबाला भिंगरी करून द्यायची, आन् त्यावर नोकरी? त्यो येडा हाय का तू?”

“मी येडा. तू मदत करणार का नाही ते सांग.”

“न्हाय म्हणून कुटं जाऊ?” ती म्हणाली आणि चिंचोके भिजत घालायला उठली. आता चिंचोके का, ते सांगतो. साहेबाच्या पुस्तकात होतं की पात्यांवर पातळ कापड ताणून वर एक विलायती रोगण द्यायचं, म्हणजे कापड आक्रसून ताठ होतं. रोगणाची बाटली साहेबाकडं होती, पण आतलं रोगण सुकून दगड झालं होतं. मी हातपाय गाळून बसलो. आईनं मलमलीचा तुकडा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, “ताठच करायचं हाय न्हवं? मग खळ लाव की.”

घोंगडीच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, पीठ करायचं, शिजवायचं. ती खळ कुंच्यानं ओढली आणि सुकली की धागा काडीसारखा होतो. आईनं ती मलमलीवर ओढली. सोलापूरचं ऊन! घटकाभरात कापड असं ताणलं की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजलं. मी लहान पोरासारखा ओरडलो. आई नुसती म्हणाली, “बोंबलू नगंस. अजून दोन हात द्याला लागतील.”

एक गोष्ट तिनं तेव्हाच सांगून ठेवली. “ह्याला पाणी चालत न्हाय बग. सुकलेल्या खळीवर पाणी पडलं की जाग्यावर धागा सैल पडतो, आन् परत सुकताना पिळ घेतो. आमच्याकडं मागाजवळ तांब्या नेला तर माजा बा अंगावर धावून यायचा.” पुढं भाद्रपदात दोन दिवस झड लागली तेव्हा मला त्याची चुणूक दिसली. नुसत्या ओल्या हवेनं पाती मऊ पडली. आईनं ती चुलीच्या उबेला उभी करून ठेवली आणि स्वतः दोन दिवस धुरात बसून राखली. म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

ते अडीच महिने म्हणजे नुसता जाच. तीन बोटांनी कानस धरायला शिकायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं गेलंय त्यालाच कळतं. जे बोट नाही त्यातच कळा यायच्या. पाना निसटायचा, बांबूची काडी उभी चिरायची, स्क्रू भुईवर पडला की उचलता यायचा नाही. मग मी शिव्या द्यायचो. यंत्राला, मिलला, देवाला, आणि कुणी नसलं की आईला. ती ऐकायची. पातं धरून ठेवायला तिचे दोन हात आणि माझा दीड, असं आमचं काम चालायचं. तिला वजन करायची एक रीत होती. दोन पाती एका काडीच्या दोन टोकांना बांधायची आणि काडी मधोमध सुतळीनं टांगायची. जे खाली जाईल त्याची काडी मी कानशीनं घासायचो, परत टांगायचो. एका पात्याला कधी कधी दिवस जायचा.

सगळं जमलं, आणि तरी ते डावीकडंच कलंडायचं. इंजिन लावलं नव्हतं, मी नुसतं हातात धरून वाऱ्याच्या तोंडाला धावायचो. पाती गरगर फिरायला लागली की यंत्र मनगट पिरगाळून डावीकडं पडायला बघायचं. दर वेळी डावीकडंच! मी सांधे आणखी घट्ट केले. पाती बुडाशी पोलादासारखी आवळली. फिटरचा धर्मच तो, सांधा हलला की फिटरची अब्रू गेली. पण जेवढं घट्ट करावं तेवढं जास्त कलंडायचं. अठरा दिवस उरले होते. एका दुपारी मी ते यंत्र चाळीच्या मागच्या वाळूत आपटलं. खरंच आपटलं. आई “अय्यो!” म्हणून धावत आली.

तिन्ही पाती बुडाशी मोडली होती, नुसत्या कापडावर लोंबत होती. मी वेड्यासारखा हसायला लागलो. म्हटलं, झालं, आता मेंढरं. आणि नुसत्या रागानं, त्या मोडक्या पात्यांसकट, ते डोक्यावर धरून वाऱ्याच्या दिशेनं धावत सुटलो. बायका दारात येऊन बघायला लागल्या, त्यांना वाटलं, हा हातानं गेला होता, आता डोक्यानंही गेला. पण पाती फिरली. लोंबणारी पाती फिरता फिरता वर उचलली गेली, वाऱ्याच्या बाजूचं जरा जास्त, पाठीकडचं जरा कमी. आणि यंत्र कलंडेना! हातात हलकं झालं. वर ओढायला लागलं. मी थांबलो तो थेट चाळीमागच्या मैदानाच्या टोकाला.

सांधा ढिलाच पाहिजे होता, म्हणजे वाऱ्याचा जोर पातं उचलण्यातच जातो, यंत्राला कलंडवत नाही. साहेबाच्या चित्रात तिथं एक बारीकशी खूण होती, ती साहेबानंही खिळा समजून सोडली होती आणि मीही. मी मागाचं जुनं चामडं आणलं, इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याला हाणून हाणून मऊ झालेलं, आणि त्याच्या पट्ट्यांनी तिन्ही पाती बुडाशी जोडली. उभी असताना माना टाकलेली, फिरताना आडवी. आई बघून म्हणाली, “आता बरी दिसती भिंगरी. मगाधरनं नुसती ताठून बसलीती.” मी तिच्या पाया पडलो. त्या अडीच महिन्यांत तेवढा एकच दिवस मी सुखानं जेवलो.

खंडेनवमी उजाडली. मिलमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. मागांना झेंडूच्या माळा, बॉयलरला कुंकवाचा पट्टा, प्रत्येक खात्याचा मुकादम आपापल्या मशीनपुढं नारळ फोडून त्याचं पाणी यंत्रावर शिंपडतो. नवं यंत्र असलं तर त्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. माझे दोन हात पुरे होते तेव्हा मीही दर वर्षी हेच केलं होतं. ज्या वर्षी बोटं गेली त्याच्या आदल्या खंडेनवमीला मात्र मी गावाकडं होतो, माझ्या मशीनचा नारळ राहून गेला होता. मी बोललो कुणाला नव्हतो, पण ते मनात रुतून बसलं होतं.

सकाळी यंत्र घेऊन आम्ही मायलेक मैदानावर गेलो. साहेबानं इंजिन दिलं, मी ते बसवलं, बॅटरी जोडली, आणि यंत्र एका बाकावर ठेवलं. लोक अजून मिलमध्ये पूजेला होते. साहेब हेड मिस्त्रीबरोबर बॉयलरकडं गेला. बाकाजवळ मी आणि आई. कुणीतरी हळदी-कुंकवाचं ताट आणि नारळ आणून ठेवलं होतं. आई ते ताट बघून नेहमीसारखी दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली.

उडालं नाही तर उद्या मी कुंभारीच्या वाटेवर. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी नारळ उचलला.

“भुईवर फोड,” आई लांबून म्हणाली. “वर पाणी नगं रं.”

“गप बस.”

“अरं, खळ हाय ती.”

“गप बस म्हणतो ना! मागच्या साली नारळ राहिला आणि बोटं गेली. परत ठेवू का?”

मी नारळ फोडला. पाणी ओंजळीत घेतलं, हळद-कुंकू त्यात पडलं, आणि शिंपडलं. अहो, अडीच महिने ज्या पात्यांना दमट हवा लागू दिली नाही त्यांच्यावर मी माझ्या हातानं पाणी शिंपडलं! दोन पात्यांवर थेंब-दोन थेंब पडले. तिसऱ्यावर चांगला ओघळ गेला. लगेच भान आलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. ऊन चरचरीत होतं, बघता बघता वाळलं. टिचकी मारली, वाजलं. मी आईकडं बघून हात हलवला, काही झालं नाही म्हणून. ती त्या तिसऱ्या पात्याकडंच बघत होती.

लोक जमले. शे-दोनशे तरी असतील. साहेब खूश होता. मी यंत्राच्या डोक्यावरच्या दांड्याला दोरी गुंडाळली, भोवऱ्याला गुंडाळतात तशी, आणि ओढली. पाती फिरायला लागली. मग याच तीन बोटांनी पुढच्या पंख्याला फटका दिला. दुसऱ्या फटक्याला इंजिन लागलं. काय आवाज होता! लोक मागं सरले. यंत्र जमिनीवरून धावलं, दहा पावलं, पंधरा पावलं, आणि उचललं. पुरुषभर वर गेलं. सरळ! डावीकडं नाही, उजवीकडं नाही. साहेबानं माझं मनगट धरलं. मी रडत होतो, मला कळतही नव्हतं.

मग मला ते दिसलं. दोन पाती एका रेषेत फिरत होती आणि तिसरं त्यांच्या खालून. वाळताना त्यानं पिळ घेतला होता. यंत्र थरथरायला लागलं. थरथर वाढली, मान हलवल्यासारखं दोनदा हललं आणि इंजिनावरच उलटं आदळलं.

मी पळत गेलो. माझ्या मागोमाग साहेब, हेड मिस्त्री, सगळे. इंजिनाची कवची चिरली होती. साहेब गुडघ्यावर बसला. त्यानं आधी सांधे बघितले, चामडं वाकवून बघितलं, दांडा फिरवून बघितला. मग ते पातं उचललं. कापडावर ओघळाचा डाग होता, कडेला हळदीची पिवळी रेघ. पातं डोळ्यापाशी धरून त्यानं त्याचा पिळ पाहिला. उभा राहिला. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, त्या दिवशी ओरडला.

“पाणी कोणी टाकला?”

त्याची नजर माझ्यावर आली. त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून चुलता गेला, मेंढरं गेली, कुंभारीची ती धुळीची वाट गेली. मी म्हणालो, “आईनं, साहेब. मी इंजिन बघत होतो. अडाणी बाई, तिला काय कळतंय.”

हे शब्द मी बोललो. जसेच्या तसे लिहिलेत.

सगळे वळले. आई तिथंच दहा पावलांवर उभी होती. साहेब तिला म्हणाला, “बाई, पाणी तुमी टाकला?”

मी खाली बघत होतो. तिचा आवाज आला, “व्हय सायेब. म्याच टाकलं.”

गर्दीतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. विधवा बाईनं खंडेनवमीच्या हळदीला हात लावला! हेड मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला, “म्हातारीनं लेकाचं उडतं इमान पाडलं बगा. कशाला कडमडायचं नको तितं?” साहेब पारशी, त्याला हळदीचं काय कळणार! त्यानं पातं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सांधा चांगला. काम चांगला. हात चांगला. तुझा कसूर नाय. दसरा झाला की वर्कशॉपमध्ये ये.”

मला नोकरी मिळाली. घरी जाताना आई पुढं आणि मी मोडकी पाती घेऊन मागं. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तिनं चूल पेटवली, मी जेवलो, आणि जेवण गोडही लागलं. तेही सांगून टाकतो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेजारच्या घरी मुलगा झाला. आईनं पदर खोचून तयारी केली, पाणी तापलं असेल म्हणाली, दारात बसून बोलावण्याची वाट बघत राहिली. बोलावणं आलं नाही. दुसऱ्या चाळीतली बाई आली बाळाला न्हाऊ घालायला, आमच्या दारावरूनच गेली. आई उठून आत आली. पुढच्या महिन्यात आणखी एका घरी तसंच झालं. तिच्या हाताचं पाणी वाईट, असं ठरून गेलं होतं. लोक तोंडावर बोलत नव्हते, नुसते बोलवत नव्हते. कुठं बाळ रडायचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवून ऐकायची. चार वर्षं मी हे रोज बघितलं. वर्कशॉपमध्ये जायचो, मिस्त्री म्हणवून घ्यायचो, संध्याकाळी येऊन हे बघायचो.

पाचव्या खंडेनवमीला मी माझी हत्यारं घरी आणली, पाटावर मांडली. काय मनात आलं कोण जाणे, पाण्याचा तांब्या आईपुढं धरला आणि म्हणालो, “आज तू शिंपड.”

ती मागं सरली. “नगं बाबा. लोकांचं खरं असंल तर?”

मी खाली बसलो. म्हणालो, “आई, पाणी मी टाकलं होतं.”

“व्हय की,” ती म्हणाली. “मी हुते न्हवं तितं. मीच सांगत हुते, टाकू नगं म्हणून.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच माझ्या जिवाला लागलं. मी तिचे पाय धरले. रडलो. म्हणालो, “उद्या दसरा. परवा मिलमध्ये गेलो की साहेबाला सांगतो. हेड मिस्त्रीला सांगतो. चाळीत सगळ्यांना सांगतो.”

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, नको सांगूस, तुझी नोकरी जाईल. आई तसंच म्हणणार याची मला खात्री होती. त्या खात्रीवरच बोललो होतो, आता कळतंय.

ती म्हणाली, “सांग की.”

तिनं डोळे पुसले, पदर नीट केला. दसऱ्याच्या दिवशी तिनं कधी नव्हे ते धुवट लुगडं नेसलं आणि शेजारणींच्या दारावरून दोनदा पाण्याला गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली.

संध्याकाळी मी घरी आलो. ती उंबऱ्यातच बसली होती. म्हणाली, “सांगितलंस?”

“साहेब आज आलाच नव्हता.”

“बरं,” ती म्हणाली, आणि भाकरी थापायला आत गेली. परत तिनं ते कधीच विचारलं नाही.

साहेब त्या दिवशी मिलमध्येच होता. दिवसभर माझ्या शेजारी उभा होता.